हायड्रोपोनिक टॉवर

मातीऐवजी खतमिश्रित पाण्यावर भाजीपाला वाढवण्याच्या उभ्या रचनेला हायड्रोपोनिक टॉवर म्हणतात. खाली टाकी, तिच्यावर उभा पोकळ पाइप, पाइपच्या अंगावर चहूबाजूंनी रोपांसाठी खोबणी आणि टाकीतले पाणी माथ्यावर चढवणारा छोटा पंप, एवढीच त्याची मांडणी. माथ्यावर सोडलेले पाणी पाइपच्या आतून मुळांना भिजवत खाली येते आणि पुन्हा टाकीत पडते. दोन फूट लांब, दोन फूट रुंद जागेत २० ते ३० रोपे मावतात, म्हणून गॅलरी आणि गच्चीपुरतीच जागा असलेल्या शहरी घरांमध्ये तो वापरला जातो.

तयार टॉवर बाजारात मिळतो, पण हौशी लोक तो घरीही बनवतात. त्यासाठी प्लंबिंगच्या दुकानातला चार किंवा सहा इंची पीव्हीसी पाइप चालतो. पाइपवर आडवी फट कापायची, फटीच्या वर-खालचा भाग हॉट एअर गनने मऊ होईपर्यंत तापवायचा आणि लगेच काचेची बाटली तिरकी आत दाबायची. पाइप थंड झाला की ओठासारखी बाहेर आलेली खोबण कायम राहते आणि तिच्यात जाळीचा कप नीट बसतो. तापलेल्या पीव्हीसीचा धूर घातक असल्याने हे काम उघड्यावरच करावे. पाइप आणि टाकी अपारदर्शक हवीत, कारण उजेड आत गेला की पाण्यात शेवाळ माजते. पंप म्हणून कूलरची १८ वॅटची मोटर सहा फुटांपेक्षा कमी उंचीच्या टॉवरला पुरते. टायमर लावून ती १५ मिनिटे चालू, १५ मिनिटे बंद ठेवली तर महिन्याला सुमारे साडेसहा युनिट वीज लागते.

मुळांना पाण्याइतकीच हवा लागते, आणि टॉवरची खरी करामत इथेच आहे. साचलेल्या पाण्यात बुडालेले मूळ गुदमरते. टॉवरमध्ये मात्र पाण्याचा पातळ थर मुळांवरून ओघळत राहतो आणि पडता पडता त्यात प्राणवायू मिसळतो. पाणी गरम झाले की हे गणित बिघडते. २० अंश सेल्सिअसला एक लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, ३० अंशाला साडेसात मिलिग्रॅमच. शिवाय गरम पाण्यात पिथियम या रोगकारकाचे फावते आणि पांढरी मुळे तपकिरी, बुळबुळीत होतात. विदर्भ-मराठवाड्यातच काय, पुण्यातही एप्रिल-मे महिन्यांत गच्चीवरची टाकी तापते. टाकी सावलीत ठेवणे, तिला ओले गोणपाट गुंडाळणे आणि वर ५० टक्के सावलीची हिरवी जाळी बांधणे हे उपाय करावेच लागतात. त्यात वीज गेली तर अडचण दुहेरी होते. कुंडीतली माती दिवसभराचे पाणी धरून ठेवते, पण टॉवरच्या कपातला मूठभर कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) किंवा स्पंजचा तुकडा भर उन्हात काही तासच तग धरतो. भारनियमन होत असेल तिथे मोटर इन्व्हर्टरवर घेणे शहाणपणाचे.

झाडे मातीविना वाढू शकतात हे प्रयोगशाळेत जुनेच आहे. १८६०च्या सुमारास युलियस फॉन झाक्स आणि विल्हेल्म क्नोप या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञांनी नुसत्या क्षारांच्या द्रावणावर रोपे वाढवून दाखवली. कॅलिफोर्निया विद्यापीठातील विल्यम गेरिकी यांनी १९२९पासून ही पद्धत लागवडीसाठी वापरता येते असे मांडले आणि उंचच उंच टोमॅटोची झाडे दाखवून लोकांना थक्क केले. त्यांच्याच विद्यापीठातील डेनिस होगलंड आणि डॅनियल अर्नन यांनी हे दावे तपासले. १९३८ साली त्यांनी लिहिले, की द्रावणातले उत्पादन कसदार जमिनीपेक्षा मुळात जास्त नसते, प्रकाशासारख्या गोष्टीच वाढीची मर्यादा ठरवतात. हा निष्कर्ष टॉवरच्या जाहिरातींत सहसा सापडत नाही, पण घरी टॉवर लावणाऱ्याने सर्वात आधी तोच वाचावा. भारतात जेम्स शोल्टो डग्लस यांनी १९४६ साली बंगालमधील कालिम्पाँग येथे स्थानिक, स्वस्त साहित्य वापरून प्रयोग सुरू केले. १९६०च्या दशकात इंग्लंडमध्ये ॲलन कूपर यांनी पाण्याचा पातळ प्रवाह मुळांवरून फिरवण्याचे तंत्र विकसित केले. अमेरिकेत ‘टॉवर गार्डन’ या नावाने विकला जाणारा घरगुती संच टिम ब्लँक यांनी तयार केला. त्यापूर्वी ते डिस्नेच्या एपकॉट उद्यानातील हरितगृहांत काम करत होते.

प्रकाशाचा प्रश्न फ्लॅटमध्ये सर्वात अवघड असतो. टॉवरने जागा वाचते, ऊन वाढत नाही. गॅलरीत ऊन एकाच बाजूने येते, त्यामुळे भिंतीकडची रोपे लांबट आणि फिकट होतात. टॉवर रोज पाव वळण फिरवला तर फरक पडतो. पालेभाजीला निदान चार-पाच तासांचे ऊन हवे. घरात १०० वॅटचा एलईडी १४ तास लावला तर महिन्याला ४२ युनिट जळतात, आणि मग कोथिंबिरीची जुडी बाजारातूनच आणलेली बरी. कमी प्रकाशात पालकासारख्या भाज्यांच्या पानांत नायट्रेटही जास्त साठते, म्हणून अंधाऱ्या गॅलरीत खताचा हात सढळ ठेवू नये.

खतांत दोन द्रावणे वेगळी ठेवतात. एकात कॅल्शियम नायट्रेट, दुसऱ्यात फॉस्फेट आणि सल्फेट. ती घट्ट स्वरूपात एकत्र केली की तळाशी पांढरा साका बसतो आणि झाडाला कॅल्शियम मिळत नाही. ही विद्राव्य खते नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागांमुळे आपल्याकडे कृषी सेवा केंद्रात सहज मिळतात. मात्र ठिबकवर चालणारे १९:१९:१९ हे नत्र, स्फुरद, पालाश समप्रमाणात असलेले खत टॉवरला योग्य नाही. त्यातल्या नत्राचा मोठा भाग युरियाच्या रूपात असतो, आणि त्याचे रूपांतर करणारे मातीतले जिवाणू टॉवरमध्ये पुरेसे नसतात. द्रावणाचा पीएच, म्हणजे आम्लता दाखवणारा आकडा, ५.५ ते ६.५ ठेवतात. तो वर सरकला की लोह असूनही झाडाला घेता येत नाही आणि कोवळी पाने शिरा सोडून पिवळी पडतात. लिंबू किंवा व्हिनेगरने पीएच उतरतो, पण ती आम्ले जिवाणू खाऊन टाकतात आणि आकडा पुन्हा चढतो, म्हणून फॉस्फोरिक आम्ल वापरतात. क्षारांचे प्रमाण ईसी मीटरने, म्हणजे पाण्याच्या विद्युतवाहकतेवरून, मिलिसीमेन्स प्रति सेंटिमीटरमध्ये मोजतात. पालेभाज्यांना १.२ ते १.८, टोमॅटोला २ ते ३.५. बोअरच्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेले क्षार, मिलिग्रॅम प्रति लिटर) ६०० असेल तर ईसी खत घालण्याआधीच एकच्या आसपास गेलेली असते. तिथे पावसाचे साठवलेले पाणी मिसळावे.

लेट्यूस, पालक, माठ, तुळस, सेलरी या टॉवरच्या हक्काच्या भाज्या. बाहेरची पाने खुडत गेले की एकच रोप अनेकदा भाजी देते. कोथिंबिरीसाठी धणे रगडून दोन फोडी करतात आणि एका कपात आठ-दहा टाकतात. पुदिन्याची मुळे पाइप भरून टाकतात, म्हणून त्याला सर्वात खालची खोबण द्यावी. मेथी उपटून घ्यायची भाजी, ती पसरट ट्रेमध्येच परवडते. गाजर, मुळा, बटाटा यांचा इथे विचारच नको.

टाकीचे झाकण आणि वायरचे भोक घट्ट बंद हवे. डेंग्यू पसरवणारा एडिस डास स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठवडा-दहा दिवसांत त्यातून डास बाहेर पडतो.

महाराष्ट्रात घरच्या बागेची परंपरा ओल्या कचऱ्यापासून माती घडवण्याची आहे. श्री. अ. दाभोलकरांच्या प्रयोग परिवाराने ती घरोघर नेली. त्या वळणावर वाढलेले अनेकजण टॉवरमध्ये जीवामृत (शेण-गोमूत्राचे आंबवलेले द्रावण) किंवा गांडूळखताचे पाणी घालून पाहतात. त्यातला गाळ नळ्या तुंबवतो, द्रावणाला वास सुटतो आणि जिवाणू मुळांच्या वाट्याचा प्राणवायू संपवतात. मातीविना वाढलेली भाजी सेंद्रिय म्हणावी का, यावर जगात एकमत नाही. अमेरिकेत अटी पाळल्यास मातीविना पिकालाही सेंद्रिय प्रमाणपत्र मिळू शकते. युरोपीय संघाच्या नियमांनुसार सेंद्रिय पीक जिवंत मातीतच वाढलेले असावे लागते, आणि हायड्रोपोनिक उत्पादनाला तिथे ते प्रमाणपत्र मिळत नाही.