साहाय्यित रोजगार

दिव्यांग व्यक्तीला तिच्या क्षमतेस व आवडीस साजेसे, प्रचलित दराने वेतन देणारे काम सर्वसाधारण आस्थापनेत मिळवून देण्याची आणि ते टिकावे म्हणून नेमणुकीनंतरही मदत चालू ठेवण्याची पद्धत. ही व्यावसायिक पुनर्वसनाची एक शाखा मानली जाते. मात्र दोहोंच्या क्रमात मूलभूत फरक आहे. व्यावसायिक पुनर्वसनाच्या जुन्या पद्धतीत आधी मूल्यमापन व प्रशिक्षण होई आणि उमेदवार ‘तयार’ ठरल्यावरच नेमणुकीचा विचार होई. साहाय्यित रोजगारात आधी नेमणूक होते व शिक्षण प्रत्यक्ष कामावर मिळते.

या पद्धतीच्या उगमाविषयी मतभेद आहेत. एका मतानुसार तिचे मूळ पहिल्या महायुद्धातील जखमी सैनिकांच्या पुनर्वसनात आहे. फ्रान्समधील लियाँ येथे महापौर एदुआर एरियो यांच्या पुढाकाराने डिसेंबर १९१४ मध्ये अशा सैनिकांसाठी व्यवसायशिक्षणाची शाळा सुरू झाली. अमेरिकेत १९१८ मध्ये सैनिकांसाठी व १९२० मध्ये नागरिकांसाठी पुनर्वसनाचे कायदे झाले, तर जर्मनीने १९१९-२० मध्ये मालकांवर ठरावीक प्रमाणात युद्धजखमींना कामावर घेण्याचे बंधन घातले. ब्रिटनच्या १९४४ च्या कायद्याने वीस वा अधिक कामगार असलेल्या मालकांसाठी हे प्रमाण तीन टक्के ठरले. त्याच कायद्याखाली लिफ्टचालक आणि वाहनतळावरील सेवक हे दोन व्यवसाय दिव्यांगांसाठी राखून ठेवण्यात आले; दिव्यांगांकडून तेव्हा किती माफक अपेक्षा ठेवल्या जात, हे या निवडीवरून दिसते. तथापि या सर्व उपायांनी एक तर कामगाराला शिकवले किंवा मालकाला बांधून घेतले. नेमणुकीनंतर कामगारासोबत कोणी उभे राहावे, ही कल्पना त्यांत आढळत नाही.

त्यामुळे १९७० नंतरच्या अमेरिकी प्रयोगांत उगम शोधणारे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. मार्क गोल्ड यांनी १९७२ च्या सुमारास, ज्यांना काम शिकवणे अशक्य समजले जाई अशा बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्तींना सायकलचा पंधरा सुट्या भागांचा ब्रेक जुळवायला शिकवले. भागांच्या योग्य बाजूंना रंग दिल्यास शिकणे लवकर होते, असे त्यांना आढळले. दोष शिकणाऱ्यात नसून शिकवण्याच्या रीतीत असतो, हा निष्कर्ष या कामातून पुढे आला. याच सुमारास डेन्मार्क व स्वीडनमधून ‘सामान्यीकरणा’चा, म्हणजे दिव्यांगांचे दैनंदिन जीवन शक्य तितके इतरांसारखे असावे हा, विचार पसरला होता. डेन्मार्कच्या १९५९ च्या कायद्यात त्याचा आरंभ दिसतो आणि बेंग्ट निर्ये यांनी १९६९ मध्ये त्याची तत्त्वरूप मांडणी केली. तंत्र प्रयोगांतून आणि उद्दिष्ट या विचारातून आले, असे म्हणता येईल. साहाय्यित रोजगार ही संज्ञा बहुधा १९८० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत रूढ झाली. अमेरिकेच्या १९८४ च्या कायद्यात तिची व्याख्या आहे आणि १९८६ च्या दुरुस्तीने ती पुनर्वसन कायद्यात आली.

या पद्धतीने ज्यांची जागा घ्यावी अशी अपेक्षा होती, त्या संरक्षित कार्यशाळांमध्ये केवळ दिव्यांग कामगार असतात. बाहेरच्या नोकरीकडे नेणारी पायरी म्हणून त्यांचे समर्थन केले जाई. प्रत्यक्षात फार थोडे कामगार ती पायरी चढून बाहेर पडले. अमेरिकेच्या १९३८ च्या श्रम कायद्याने विशेष परवान्यावर किमान वेतनापेक्षा कमी मोबदला देण्याचीही मुभा ठेवली. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या करारातील सत्ताविसावे कलम खुल्या व समावेशक कामाचा हक्क सांगते, आणि कराराच्या समितीने २०२२ मध्ये अशा वेगळ्या कार्यशाळांना हक्काच्या पूर्ततेकडे जाणारे पाऊल मानण्यास नकार दिला.

कार्यपद्धतीत प्रथम व्यक्तीची आवड, कौशल्ये, थकवा व प्रवासाची सोय यांची माहिती घेतली जाते आणि मग तिला जुळेल असे काम शोधले किंवा मालकाशी बोलून घडवले जाते. त्यानंतर ‘जॉब कोच’ म्हणजे काम-मार्गदर्शक कामाचे विश्लेषण करतो: टपाल वेगळे करण्यासारखे साधे कामही गठ्ठा सोडणे, पत्ता पाहणे, विभाग ओळखणे, योग्य खणात ठेवणे अशा टप्प्यांत मोडले जाते. अडलेल्या टप्प्यावर सूचना, खूण, प्रात्यक्षिक किंवा हात धरून करवून घेणे यांपैकी पुरेशी ठरेल तेवढीच मदत दिली जाते व ती क्रमाने कमी केली जाते. ही माघार सर्वांत अवघड असते. लवकर झाली तर काम बिघडते. लांबली तर सहकारी त्या व्यक्तीशी न बोलता मार्गदर्शकाशीच बोलू लागतात. जॅन निस्बेट व डेव्हिड हॅग्नर यांनी १९८८ मध्ये याच मुद्द्यावर सहकाऱ्यांकडून मिळणाऱ्या स्वाभाविक आधारावर भर दिला.

मानसिक आजार असलेल्यांसाठी रॉबर्ट ड्रेक व डेबोरा बेकर यांनी विकसित केलेल्या पद्धतीत रोजगारतज्ज्ञ उपचार करणाऱ्या गटाचाच सदस्य असतो आणि काम करू इच्छिणाऱ्या कोणालाही ‘तयार नाही’ म्हणून नाकारले जात नाही. युरोपातील सहा केंद्रांवर ३१२ रुग्णांच्या सहभागाने झालेल्या व २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत या पद्धतीने ५५ टक्के, तर नेहमीच्या सेवेने २८ टक्के रुग्णांना काम मिळाले. ‘काम मिळाले’ याची कसोटी किमान एक दिवसाचे काम अशी होती, हे आकडे वाचताना ध्यानात ठेवावे लागते.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १९८३ चा १५९ क्रमांकाचा करार योग्य काम मिळवणे, टिकवणे व त्यात प्रगती करणे असे तिहेरी उद्दिष्ट सांगतो. सेवांचा हिशेब मात्र प्रायः पहिल्यावरच थांबतो. नोकरी सुटण्यामागे कौशल्याचा अभाव असतोच असे नाही. समजून घेणारा पर्यवेक्षक बदलणे, कामाचे स्वरूप पालटणे, वाहतूक बंद होणे किंवा वेतनामुळे शासकीय भत्ता जाण्याची भीती ही कारणेही तितकीच महत्त्वाची असतात. नोकरीत असताना दिव्यांगत्व आलेल्यांबाबत भारताच्या २०१६ च्या कायद्यात शासकीय आस्थापनेला त्यांना कमी करण्यास वा पदावनत करण्यास मनाई आहे. जुने काम जमत नसल्यास त्याच वेतनश्रेणीत दुसरे पद द्यावे लागते. कामाच्या जागेत वा वेळेत करावयाच्या बदलांस ‘वाजवी सोय’ म्हणतात. अमेरिकी रोजगार कायद्यात ही कल्पना मुळात धार्मिक आचरणासाठी आली, आणि १९९० च्या दिव्यांगविषयक कायद्याने ती सुपरिचित केली.

शेती, घरगुती उद्योग व स्वयंरोजगार यांत पर्यवेक्षक वा ठरावीक पाळी नसते, त्यामुळे तेथे ही पद्धत जशीच्या तशी लागू पडत नाही. तेथे मार्गदर्शकाची जागा बहुधा कुटुंबच घेते.