श्रीलंका-केनियाची ऑनलाइन प्रवास परवानगी: पात्रता, कागदपत्रे आणि अर्ज

वर्धा, यवतमाळ, गोंदियाकडून अनुराधपुरच्या बोधिवृक्षाच्या दर्शनाला निघणाऱ्यांना श्रीलंकेच्या वकिलातीत जावे लागत नाही. ईटीए, म्हणजे इलेक्ट्रॉनिक प्रवास परवानगी, ऑनलाइन मिळते. मात्र ती नसेल किंवा चुकलेली असेल, तर कोलंबोच्या आधी मुंबई-चेन्नईतच अडवू शकतात. योग्य परवानगी नसलेला प्रवासी नेला तर त्याला परत आणण्याचा भार विमान कंपनीवर येतो, म्हणून बोर्डिंग पास देतानाच तपासणी होते. परक्या देशाची वेस आता मुंबईच्या काउंटरवर आली आहे म्हणा ना.

आधी पात्रता. भारतीय पासपोर्टवर श्रीलंकेची ईटीए चालते (ही पद्धत 2012 पासून आहे). केनियाने जानेवारी 2024 मध्ये व्हिसा बंद करून ईटीए आणली. तिचे मूळ शुल्क 30 डॉलर. ब्रिटनची ईटीए, अमेरिकेची एस्टा, कॅनडाची ईटीए आणि युरोपची एटियास मात्र व्हिसा-माफी असलेल्या देशांसाठी आहेत, त्यांत भारत नाही. मुलाकडे लंडनला जायचे तर नेहमीचा व्हिजिटर व्हिसाच काढावा लागतो. 'ईटीएवर काम भागवतो' म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. थायलंडचे डिजिटल आगमन कार्ड (1 मे 2025 पासून) ही परवानगी नव्हे. ते पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत विनाशुल्क भरायचे असते. नेपाळमधल्या लुंबिनीला यातले काहीच लागत नाही. मतदार ओळखपत्र किंवा पासपोर्ट पुरे. आधार मात्र फक्त 15 वर्षांखालच्या आणि 65 वर्षांवरच्यांचेच चालते.

पासपोर्ट पोहोचण्याच्या दिवसापासून किमान सहा महिने वैध हवा. परतीचे तिकीट आणि मुक्कामाचा पत्ता हाताशी ठेवा. केनियासाठी फोटो, पासपोर्टच्या पहिल्या पानाची स्कॅन प्रत आणि हॉटेल बुकिंग अपलोड करावे लागते. प्रवासाच्या किमान तीन दिवस आधी अर्ज करा, आठवडाभर आधी केला तर उत्तम. लहान मुलांचीही वेगळी परवानगी लागते.

खरी गडबड नावात होते. आधारवर एक, सातबाऱ्यावर दुसरे आणि पासपोर्टवर तिसरे असे आपल्याकडे सर्रास असते. अर्जात फक्त पासपोर्टचेच चालते. पासपोर्टच्या माहितीच्या पानाच्या तळाशी दोन ओळी असतात. पहिल्या ओळीत देशाच्या कोडनंतर आडनाव, मग दोन बाणखुणा, मग नाव (आणि पासपोर्टवर नावाला जोडलेले असेल तर वडिलांचे किंवा पतीचे नाव). अर्जाच्या रकान्यांत तोच क्रम उतरवा. बहुतेक भारतीय पासपोर्टचा क्रमांक एक अक्षर आणि सात अंक असा असतो. म्हणजे पहिल्या अक्षरानंतर इंग्रजी 'ओ' येतच नाही, तिथे शून्यच असते. सेतू केंद्रात घाईघाईत टाइप करताना नेमकी हीच चूक होते.

श्रीलंकेच्या अर्जात शेवटी तीन प्रश्न येतात: तिथला निवास व्हिसा आहे का, सध्या ईटीएवर तिथेच आहात का, अनेक प्रवेशांचा व्हिसा आहे का. पहिल्यांदा जाणाऱ्याने तिन्हींना 'नाही' लिहायचे. न वाचता 'हो' दाबले की अर्ज अडकतो.

पैसे भरताना कार्ड नाकारले जाते, त्यात संकेतस्थळाचा दोष क्वचितच असतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार 16 मार्च 2020 पासून नव्या कार्डांवर परदेशी व्यवहार बंदच येतात. बँकेच्या अ‍ॅपमधून ते सुरू करावे लागतात. शुल्क बदलत असते, म्हणून त्याच दिवशी अधिकृत संकेतस्थळावर पाहा. सरकारी पानासारखीच दिसणारी, दुप्पट-तिप्पट पैसे घेणारी पाने शोधयादीत वर येतात. श्रीलंकेचा खरा पत्ता 'गव्ह डॉट एलके' असा संपतो.

ईमेल स्वतःचा किंवा घरातल्या माणसाचा द्या. केंद्रचालकाचा दिला तर मंजुरी त्याच्याकडे जाते, आणि नेमके तुमच्या निघण्याच्या दिवशी केंद्र बंद असते. मंजुरीच्या दोन छापील प्रती जवळ ठेवा. नंतर पासपोर्ट बदलला तर जुनी परवानगी निकामी, कारण ती त्या क्रमांकाला बांधलेली असते.

केनियाहून परतणाऱ्यांनी पीतज्वर लसीचे प्रमाणपत्र जवळ बाळगावे. लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी मान्यताप्राप्त केंद्रातच घ्यायची असते. प्रमाणपत्र नसेल तर भारतात उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात.