बित्तो स्तोरिको

बित्तो स्तोरिको : उत्तर इटलीतील लोंबार्दी प्रदेशात, ओरोबिए आल्प्सच्या उंच कुरणांवर केवळ उन्हाळ्यात, निरशा दुधापासून बनवले जाणारे आणि वर्षानुवर्षे मुरवले जाणारे कठीण चीज. २०१६ पासून ते ‘स्तोरिको रिबेल्ले’ या नावाने विकले जाते. छोट्या प्रमाणावरचे उत्पादन टिकवून पारंपरिक चीज वाचवण्याचे जे प्रयत्न इटलीत झाले, त्यांत या चीजची कहाणी सर्वांत शिकवणारी आहे. एखाद्या पदार्थाचे नाव कायद्याने सुरक्षित होते आणि तरीही तो पदार्थ धोक्यात येतो, हे इथे घडले.

बित्तो हा मोर्बेन्यो गावाजवळ आद्दा नदीला मिळणारा एक ओढा. त्याच्या दोन फाट्यांवर जेरोला आणि आल्बारेदो ही खोरी आहेत. दोन्ही सोंद्रियो जिल्ह्यात मोडतात. बर्फ वितळले की जूनच्या सुमारास गुरे खालच्या गावांतून वर चढतात, साधारण १,४०० ते २,००० मीटर उंचीवरच्या कुरणांत उन्हाळा काढतात आणि सप्टेंबर सरता सरता खाली उतरतात. बित्तो बनते ते याच काळात. उतरल्यावर, गोठ्यातल्या हिवाळी दुधाची थोडी साय काढून त्याचे ‘कासेरा’ हे वेगळे, साधे चीज करतात. गुरांच्या अशा हंगामी स्थलांतराची परंपरा युनेस्कोने २०१९ मध्ये इटली, ग्रीस आणि ऑस्ट्रियाच्या नावे मानवजातीच्या अमूर्त वारशात नोंदवली.

या चीजचा प्राण ‘कालेच’ नावाच्या जागेत आहे. कुरणांवर जागोजागी चुन्या-मातीशिवाय रचलेले दगडी गडगे दिसतात. तीन बाजूंना भिंती आणि वर छप्पर नाही. कळप चरत चरत ज्या टप्प्याला पोहोचेल, तिथल्या गडग्यावर कापड ताणायचे, आत उलट्या घंटेच्या आकाराचा तांब्याचा हंडा टांगायचा, खाली लाकडे पेटवायची, की चीजघर उभे राहिले. तिथले गवत संपले की कळपासोबत पुढच्या गडग्याकडे. दूध चीजघराकडे न्यायचे नाही, चीजघरच दुधाकडे जाते. यामागे पक्का हिशेब आहे. डोंगरातून हिंदकळत नेलेले दूध थंड होते, त्यातील स्निग्धांशाचे कण फुटू लागतात, नको असलेले जिवाणू वाढायला वेळ मिळतो. कालेचमध्ये मात्र धारोष्ण दूध तासाभराच्या आत हंड्यात पडते. साकळण्यासाठी लागते ३५ ते ३७ अंश सेल्सिअस उष्णता. काढल्या काढल्या दूध जवळपास तितकेच ऊन असते. त्यामुळे सुरुवातीला जाळही फारसा लागत नाही.

हंड्यातल्या दुधात वासराच्या पोटातून मिळवलेले, दूध साकळवणारे रेनेट घालतात. शाकाहारी वाचकांनी हे ध्यानात ठेवावे : इटलीतील बहुतेक जुन्या मुरवलेल्या चीजमध्ये प्राणिज रेनेटच असते. साकळलेल्या दुधाचे तांदळाच्या दाण्याएवढे तुकडे होईपर्यंत ते कापतात, ढवळत ढवळत ४८ ते ५२ अंशांपर्यंत तापवतात आणि मग तळाशी बसलेला गोळा कापडात उचलून लाकडी साच्यात दाबतात. साच्यामुळे चकतीच्या कडा आत वळलेल्या, अंतर्वक्र होतात. वर कोरडे मीठ चोळले जाते. एक चकती ८ ते २५ किलोंची भरते. हंड्यात उरलेली निवळी पुन्हा तापवून ‘मास्केर्पा’ हे रिकोटासारखे मऊ चीज काढतात. डोंगरावर काही वाया घालवण्याची चैन परवडत नाही.

विरजण बाहेरून घालायचे नाही, हा इथला सर्वांत महत्त्वाचा नियम. दुधात, हंड्याच्या अवतीभवती आणि लाकडी अवजारांवर जे जिवाणू आपसूक असतात त्यांनीच आंबवण्याचे काम करायचे. म्हणून एका कुरणाचे चीज शेजारच्या कुरणासारखे लागत नाही, आणि एकाच कुरणावरचे जूनमधले चीज ऑगस्टमधल्यापेक्षा वेगळे निघते. प्रयोगशाळेत निवडलेल्या विरजणाने चकत्या कमी बिघडतात, चव एकसारखी येते. नेमकी हीच एकसारखी चव या उत्पादकांना नको आहे.

गायींच्या दुधात १० ते २० टक्के शेळीचे दूध मिसळणे हाही जुना रिवाज. ‘ओरोबिका’ ही लांब केसांची, पिळदार शिंगांची शेळी याच डोंगरांतली. गाय जिथे पाय ठेवू शकत नाही अशा उतारांवर ती चढते आणि झुडपे खाते. कुरणाच्या दृष्टीने हे मोलाचे काम आहे. चराई थांबली की आल्प्सच्या उतारांवर आधी हिरवे आल्डर आणि इतर झुडपे पसरतात, मागून वृक्ष येतात, आणि गवताळ प्रदेशातील फुलझाडांची विविधता घटते. न चरलेले लांब गवत हिवाळ्यात आडवे पडते आणि त्यावरून बर्फ घसरण्याचा धोका वाढतो. चीजच्या चवीला याच फुलझाडांचा आधार आहे. ताज्या चाऱ्यातील कॅरोटिनमुळे उन्हाळी चीजला पिवळसर रंगही येतो. चीज, शेळी आणि कुरण यांतले एक गेले तर उरलेली दोन्ही फार काळ टिकत नाहीत.

१९९६ मध्ये युरोपीय संघाने ‘बित्तो’ला डीओपी, म्हणजे संरक्षित मूळस्थान नामाचा दर्जा दिला. भारतात भौगोलिक मानांकन म्हणतात, त्याच जातीची ही व्यवस्था. मात्र उत्पादनक्षेत्र ठरले ते संपूर्ण सोंद्रियो जिल्हा आणि लगतची काही गावे. पुढे नियमावली आणखी सैल झाली : गायींना कुरणावर मर्यादित खुराक (धान्य-पेंडीसारखे पूरक खाद्य) देण्यास आणि निवडक विरजण वापरण्यास मुभा मिळाली, तर शेळीचे दूध ऐच्छिक राहिले, तेही १० टक्क्यांच्या आत. जेरोला आणि आल्बारेदो खोऱ्यांतील डझनभर कुरणांवरचे उत्पादक यावर अडून बसले. खुराक नाही, विरजण नाही, शेळीचे दूध हवेच, चीज कालेचमध्येच व्हायला हवे, अशी त्यांची स्वतःची कडक नियमावली होती. पाओलो चाप्पारेल्ली यांच्या नेतृत्वाखाली ते डीओपी व्यवस्थेतून बाहेर पडले. पारंपरिक खाद्यपदार्थ जपणाऱ्या ‘स्लो फूड’ चळवळीने त्यांना आपल्या ‘प्रेसिदियो’ योजनेत घेऊन पाठबळ दिले. पण डीओपीबाहेर राहणाऱ्याला ‘बित्तो’ हे नाव कायद्याने वापरता येत नाही. बित्तोच्या काठी राहणाऱ्यांनाच आपल्या चीजला बित्तो म्हणता येईना. शेवटी २०१६ मध्ये त्यांनी ते नाव सोडले आणि ‘स्तोरिको रिबेल्ले’, म्हणजे ‘ऐतिहासिक बंडखोर’, हे नाव घेतले.

दुसरी बाजूही खरी आहे. डीओपी बित्तोही कुरणांवरच, १ जून ते ३० सप्टेंबर याच काळात बनते, आणि विस्तारलेल्या क्षेत्रातील अनेक डोंगरी कुटुंबांना त्या नावाने उत्पन्न दिले. वाईट उन्हाळ्यात थोडा खुराक मागणारा गुराखी काही परंपरेचा शत्रू नव्हे. तरीही दर्जाची किमान पातळी सर्वांना झेपेल अशी ठेवली की सर्वांत कष्टाची पद्धत सर्वांत आधी मरते, हा बंडखोरांचा मुद्दा मला पटतो. त्यांच्याकडे वेगळे नाव आणि वेगळा भाव नसता तर कालेचचे गडगे आज नुसते अवशेष राहिले असते.

भावाचा प्रश्न त्यांनी मुरवणीतून सोडवला. डीओपी बित्तोला किमान ७० दिवस मुरवावे लागते. स्तोरिको मात्र दहा वर्षे आणि त्याहूनही अधिक काळ टिकते, आणि काळागणिक त्याची किंमत चढते. अडचण अशी, की गुराख्याला दहा वर्षे पैशांची वाट पाहता येत नाही. म्हणून हितचिंतकांच्या भागभांडवलातून एक कंपनी उभी राहिली. ती उत्पादकांकडून बाजारापेक्षा चढ्या दराने चीज घेते आणि जेरोला आल्ता गावातील तळघरात मुरवते. ग्राहकाला आवडलेली चकती स्वतःच्या नावाने राखून ठेवता येते. भांडवल अडकून पडण्याचा बोजा गोठ्यावरून खाणाऱ्याच्या खांद्यावर आला, हे या व्यवस्थेचे खरे यश.

इटलीत इतरत्रही वेगवेगळ्या वाटांनी हेच काम चालते. पार्मिज्यानो रेज्ज्यानो या कठीण चीजच्या मुलखात ‘रेज्ज्याना’ ही लाल गाय अधिक दूध देणाऱ्या जातींपुढे मागे पडून १९८० च्या दशकात हजाराच्याही खाली आली होती. केवळ तिच्याच दुधाचे, किमान २४ महिने मुरवलेले चीज वेगळ्या नावाने विकायला लागल्यावर ती सावरली. सिसिलीत ‘रागुसानो’ चीजसाठी लाकडी टीप वापरतात. लाकडावर वाढलेला उपयुक्त जिवाणूंचा थर दुधाला आपसूक विरजतो, हे संशोधनातून दिसून आले आहे. स्वच्छतेच्या युरोपीय नियमांत पारंपरिक पदार्थांसाठी सवलतीची तरतूद आहे, म्हणूनच लाकूड, तांबे आणि दगडी तळघरे वापरात राहू शकली. निरशा दुधाचा धोका मात्र खोटा नाही. लहान मुले आणि गरोदर स्त्रिया यांनी मऊ, कोवळे कच्च्या दुधाचे चीज टाळावे असे सांगितले जाते. तापवून दाबलेल्या आणि दीर्घकाळ मुरलेल्या कठीण चीजमध्ये तो धोका बराच कमी होतो.

आजची मोठी अडचण माणसांची आहे. पहाटे आणि संध्याकाळी धारा, मधल्या वेळी हंडा, रात्री कळपाची राखण, असे चार महिने वर काढायला तरुण सहज तयार होत नाहीत. लांडगे आल्प्समध्ये परतल्याने राखण अधिक कठीण झाली आहे. त्यात युरोपीय अनुदान हेक्टरी मिळत असल्याने मैदानी भागातील मोठ्या शेती कंपन्या डोंगरातली कुरणे भाड्याने घेऊ लागल्या, आणि खरोखर गुरे चारणाऱ्याला वाढीव भाड्याशी टक्कर द्यावी लागते. पंचायतीच्या मालकीची कुरणे लिलावात सर्वाधिक बोली लावणाऱ्याला द्यायची की तिथे चीज बनवणाऱ्याला, हा निर्णय अनेक डोंगरी गावांना दर करारागणिक नव्याने घ्यावा लागतो.