राजम्याची साठवणीतील कीडप्रतिकारकता

राजमा (फेजिओलस व्हल्गॅरिस) साठवणीत किडीला किती तग धरतो, हा गुण किडीच्या जातीवर आणि राजम्याच्या वाणावर अवलंबून असतो. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या सीमाभागात हा गुण स्वयंपाकघरातही दिसतो. चवळीचा किंवा मुगाचा डबा पावसाळ्यानंतर उघडावा तर तळाशी पिठूळ भुकटी आणि दाण्यादाण्याला गोल भोक. शेजारचा राजमा मात्र धड असतो. पावटा आणि वाल ही पिके वेगळी. त्यांना भुंगा सर्रास लागतो.

आपल्याकडचा कडधान्याचा भुंगा कॅलोसोब्रुकस प्रजातीचा, जेमतेम ३ ते ४ मिलिमीटरचा. मादी दाण्याच्या सालीवर अंडी चिकटवते. ती पांढऱ्या ठिपक्यांसारखी दिसतात. अंड्यातली अळी बाहेर येतच नाही, अंड्याखालूनच साल पोखरून थेट आत शिरते. चवळीत ती डाळ खाऊन वाढते, सालीखालीच कोष करते आणि महिनाभरात भुंगा झाकणासारखा तुकडा कापून बाहेर पडतो. राजम्यावरही मादी अंडी घालते, पण आत शिरलेली अळी जगत नाही. त्यामुळे ठिपके दिसले म्हणून माल फेकू नये. राजम्याच्या दाण्यात अल्फा-अमायलेज रोधक हे प्रथिन असते. ते अळीचे स्टार्च पचवणारे विकरच बंद पाडते, आणि अळी भरल्या ताटावर उपाशी मरते.

म्हणून घरोघरचे उपाय, म्हणजे कडक ऊन देणे, चुलीची राख मिसळणे, किलोला ५ ते १० मिलिलिटर तेल चोळणे, हे खरे चवळी-मुगासाठी. तेलाच्या थराने अंडी गुदमरतात. राजम्याला एवढा खटाटोप बहुधा लागत नाही. पण नीट वाळवला नाही तर बुरशी धरते, आणि तिथे हे प्रथिन कामाचे नाही.

राजम्याचे खरे वैरी त्याच्या मायदेशचे, अमेरिका खंडातले आहेत: झॅब्रोटेस सबफॅसिएटस आणि अकॅन्थोसेलिडेस ऑब्टेक्टस हे भुंगे. लागवडीखालच्या वाणांतला रोधक या दोघांना अडवत नाही. कोलंबियातील कालीजवळच्या आंतरराष्ट्रीय उष्णकटिबंधीय कृषी केंद्रात संग्रहातील वाण तपासताना चांगला प्रतिकार सापडला तो मेक्सिकोच्या बारीक दाण्यांच्या रानटी राजम्यात. १९८०च्या दशकात त्याचे कारण कळले: आर्सेलिन नावाचे प्रथिन. संकरातून ते मोठ्या दाण्यांच्या वाणांत आणले गेले. या वाणांना 'रॅझ' मालिका म्हणतात. झॅब्रोटेसवर ते जोरदार चालते, अकॅन्थोसेलिडेसवर कमी.

वाटाण्याला भुंगा लागू नये म्हणून राजम्याच्या रोधकाचे जनुक त्यात घालूनही पाहिले गेले. ऑस्ट्रेलियातील सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेने उंदरांच्या फुप्फुसांत ॲलर्जीसदृश प्रतिक्रिया दिसल्यावर २००५ साली ते काम थांबवले. नंतरच्या प्रयोगांत साध्या राजम्यानेही उंदरांत तशीच प्रतिक्रिया दिसल्याने तो निष्कर्ष वादात पडला. ही प्रथिने कच्च्या दाण्यातली. राजमा रात्रभर भिजवून, पाणी बदलून, चांगला उकळला की त्यांचा जोर मोडतो. मंद आचेवर नुसता कोमट ठेवलेला राजमा मात्र पोट बिघडवतो.

अकॅन्थोसेलिडेसवर मात करण्यासाठी पैदासकार आता टेपरी या राजम्याच्या नात्यातल्या वाळवंटी जातीकडे वळले आहेत. तिच्या 'जी ४०१९९' या नमुन्यात प्रतिकार चांगला आहे, पण राजम्याशी संकर करताना गर्भ बहुधा अर्ध्यातच मरतो, म्हणून तो प्रयोगशाळेत काढून वाढवावा लागतो.