खात्यात आलेले पैसे अनुदानाचे की विम्याचे?

पूर ओसरतो, पंचनामे होतात आणि काही आठवड्यांनी गावात कुणाच्या तरी मोबाइलवर बँकेचा मेसेज येतो. पारावर लगेच विचारणा सुरू होते, "विमा आला का रे तुझा?" ज्याच्या खात्यात पैसे पडलेले असतात तो हो म्हणतो. ज्याला आलेले नसतात तो दुसऱ्या दिवशी एसटी धरून तालुक्याचं कृषी कार्यालय गाठतो. तिथं कळतं की शेजाऱ्याचे पैसे विम्याचे नव्हतेच, तहसीलमधून आलेलं अतिवृष्टीचं अनुदान होतं. दिवसाची मजुरी बुडते, भाडं जातं, आणि यादीतलं चुकलेलं नाव किंवा न जोडलेलं आधार ही खरी अडचण तशीच राहते.

सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीला आलेल्या महापुरानं करमाळा, माढा, मोहोळपासून दक्षिण सोलापूरपर्यंत नदीकाठची शेतं पाण्याखाली गेली, आणि त्यानंतर हा घोळ फार वाढला. राज्य सरकारनं ७ ऑक्टोबरला ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं, त्यात विम्याच्या पैशाचाही उल्लेख होता. ऐकणाऱ्याच्या डोक्यात सगळं एकच झालं. किराणा उधारीवर चालणाऱ्या घराला मात्र हे दोन पैसे वेगळे ओळखता येणं फार गरजेचं आहे, कारण दोन्हींचा हिशोब वेगळा, दार वेगळं आणि हाती पडण्याची वेळही वेगळी.

अनुदान ही आपत्तीतली सरकारी मदत. त्यासाठी शेतकऱ्यानं आधी काही भरलेलं नसतं. महसूल मंडळात (म्हणजे काही गावांच्या गटात) २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला किंवा पुराचं पाणी शेतात शिरलं, आणि पिकाचं ३३ टक्के किंवा त्याहून जास्त नुकसान झालं, की महसूल खातं पंचनामा करतं. तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक असे तिघं मिळून तो करतात (या पदांची सरकारी नावं आता बदलली असली तरी गावात जुनीच चालतात). २०२५ मध्ये राज्य आपत्ती प्रतिसाद निधीचा ठरलेला दर कोरडवाहू पिकाला हेक्टरी ८,५००, बागायतीला १७,००० आणि बहुवार्षिक पिकांना म्हणजे फळबागांना २२,५०० रुपये असा होता. एरवी ही मदत दोन हेक्टरपर्यंतच मिळते, २०२५ च्या पुरानंतर ती तीन हेक्टरपर्यंत वाढवली. शिवाय रब्बीच्या बी-बियाण्यासाठी हेक्टरी १०,००० रुपये जास्तीचे जाहीर झाले. कोरडवाहूला १८,५००, बागायतीला २७,००० आणि फळबागेला ३२,५०० हे जे आकडे ऐकू येत होते ते या दोन रकमांची बेरीज करून. दोन्ही रकमांचे आदेश वेगवेगळे निघाले, त्यामुळे एकाच शेतकऱ्याला अनुदानाचेच दोन मेसेज आले आणि दुसरा मेसेज विम्याचा आहे असं अनेकांनी धरून चाललं.

विमा हा करार आहे. हप्ता भरला असेल तरच तो लागू होतो. प्रधानमंत्री पीक विमा योजना २०१६ च्या खरिपापासून सुरू आहे. महाराष्ट्रात २०२३ च्या खरिपापासून शेतकऱ्याला फक्त एक रुपया भरावा लागत होता, बाकीचा हप्ता सरकार भरत होतं. २०२५ च्या खरिपात ही सवलत बंद झाली आणि खरिपाला विमा संरक्षित रकमेच्या (म्हणजे जास्तीत जास्त जेवढी भरपाई मिळू शकते त्या रकमेच्या) २ टक्के, रब्बीला दीड टक्का, नगदी पिकांना ५ टक्के हा मूळ दर परत आला. एक रुपयात होत होतं म्हणून दरवर्षी विमा काढणाऱ्या कित्येकांनी त्या वर्षी काढला नाही, आणि नेमका त्याच वर्षी पूर आला. अशा घराला अनुदान मिळू शकतं, विमा मिळणार नाही. पीककर्ज घेतलेल्या शेतकऱ्यानं मात्र बँकेचं पासबुक नीट पाहावं. नको म्हणून लिहून दिलं नसेल तर हप्ता परस्पर कापला गेलेला असतो, म्हणजे विमा आहे आणि घरात कुणाला पत्ताच नाही असंही होतं.

सगळ्यात जास्त मनस्ताप ज्यानं होतो तो फरक पुढेच आहे. अनुदान तुमच्या शेतातलं नुकसान पाहतं, तर विमा अख्ख्या महसूल मंडळाचं सरासरी उत्पादन पाहतो. मंडळातल्या निवडलेल्या शेतांत पीक कापणी प्रयोग होतात आणि त्यातून त्या वर्षीचं सरासरी उत्पादन काढतात. मागच्या सात वर्षांपैकी चांगल्या पाच वर्षांच्या सरासरीचे ७० टक्के म्हणजे उंबरठा उत्पादन. या वर्षीचं उत्पादन त्याच्या जितकं खाली, तितकी भरपाई. समजा सोयाबीनचं उंबरठा उत्पादन हेक्टरी १० क्विंटल आहे आणि मंडळात सरासरी ६ क्विंटल भरलं. तूट ४० टक्के. विमा संरक्षित रक्कम ५०,००० धरली तर प्रत्येक विमाधारकाला हेक्टरी २०,००० रुपये मिळतील. ज्याचं पीक मुळासकट वाहून गेलं त्यालाही २०,००० आणि ज्याचं माळावर बऱ्यापैकी उभं राहिलं त्यालाही २०,०००.

आता सीनाकाठचं पाहा. नदीला लागून असलेल्या चार गावांचं सोयाबीन कुजलं, पण त्याच मंडळातल्या वरच्या रानांत पाऊस मानवला आणि मंडळाची सरासरी साडेदहा क्विंटल निघाली, तर विम्याचा एक रुपयाही मिळत नाही. काठावरच्या शेतकऱ्याला हा अन्याय वाटतो आणि मला त्याचं म्हणणं पटतं. पूर्वी यावर एक तोड होती. आपल्या एकट्याच्या शेतात आपत्ती आली तर ७२ तासांच्या आत विमा कंपनीला कळवायचं, मग कंपनीचा माणूस येऊन वैयक्तिक पाहणी करायचा. महाराष्ट्रानं २०२५ च्या खरिपात हे जोखमीचे प्रकार वगळले आणि भरपाई पीक कापणीवरच ठेवली. ज्या शेतकऱ्याला नदी स्वतःच्या बांधावरून वाहताना दिसली त्याचं नुकसान मंडळाच्या सरासरीत हरवू द्यायला नको होतं. हे ७२ तासांचं प्रकरण लोकांच्या मनात इतकं पक्कं बसलंय की तलाठ्यानं केलेल्या पंचनाम्यालाच ते विम्याची तक्रार समजतात. तो पंचनामा अनुदानासाठी असतो. विम्याचे नियम हंगामागणिक बदलतात, तेव्हा त्या त्या हंगामाचा शासन निर्णय कृषी सहायकाकडून समजून घ्यावा.

सोलापुरात आणखी एक गोष्ट विसरून चालत नाही. ऊस या विम्यात बसत नाही. इतक्या साखर कारखान्यांच्या जिल्ह्यात ऊस पाण्यात बसला तर विम्याची वाट पाहण्यात अर्थ नाही, पंचनाम्यात तो नीट नोंदवला जाणं महत्त्वाचं. डाळिंबाचा विमा वेगळा, तो हवामानावर चालतो. मंडळातल्या हवामान केंद्रावर नोंदलेला पाऊस ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला की भरपाई बसते. त्यासाठी बागेत कुणी पाहायला येत नाही.

यातल्या कुठल्याच पैशातून पिकाची किंमत भरून निघत नाही. सोयाबीनचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये आहे. हेक्टरी १० क्विंटल धरले तरी ५३,००० चं पीक गेलं आणि हाती आले १८,५००. अडीच एकरच्या घराला वर्षाचा आधार म्हणून हे अपुरंच. तरीही हे पैसे वेळेवर आले तर घर तरतं, कारण त्या महिन्यात काय आधी करायचं हे घर स्वतः ठरवू शकतं. पुराच्या पहिल्या आठवड्यात शिधा, चादरी, भांडी घेऊन येणाऱ्यांचे उपकार मोठे असतात. पण पंधरा दिवसांनी एका घराला कडब्याची गरज असते, दुसऱ्याला जळालेली मोटर भरून घ्यायची असते, तिसऱ्याची मुलगी सोलापुरात वसतिगृहावर असते आणि तिची फी थकलेली असते. रोख रक्कम या तिन्ही घरांना तितकीच उपयोगी पडते.

आणि वेळेचा हिशोब तर सरळ आकड्यांत मांडता येतो. आपल्याकडे रब्बी ज्वारीची पेरणी सप्टेंबर-ऑक्टोबरची. पुरानं ती लांबली तरी वाफसा आला की हरभरा, गहू काहीतरी टाकावंच लागतं, त्याला बियाणं, खत आणि ट्रॅक्टरचं भाडं लागतं. विम्याचे पैसे कापणीचे आकडे निघाल्यावर, म्हणजे पेरणी उलटून काही महिन्यांनी येतात. तोवर २०,००० रुपये शेकडा पाच रुपये महिना व्याजानं उचलले तर पाच महिन्यांत ५,००० व्याजात जातात. म्हणून अनुदान पेरणीआधी पोहोचलं पाहिजे असं मी आग्रहानं म्हणतो. मार्चमध्ये आलेलं अनुदान सावकाराच्या घरी जातं. विम्याचे पैसे उशिरा येणार हे गृहीत धरूनच घरानं त्यांचा विचार करावा, त्यांच्या भरवशावर कुणाला तारीख देऊ नये.

पैसे आले नाहीत तर जायचं कुठं? अनुदानासाठी आधी तलाठ्याकडे यादी पाहावी. नाव आणि त्यापुढे दिलेला विशिष्ट क्रमांक असेल तर सेतू किंवा आपले सरकार केंद्रात ई-केवायसी (आधारवरून ओळख पडताळणी) झाली का ते तपासावं. ॲग्रिस्टॅक या शेतकऱ्यांच्या सरकारी डिजिटल नोंदणीतला शेतकरी ओळख क्रमांक असलेल्यांना २०२५ मध्ये ई-केवायसीतून सूट दिली होती. यादीत नावच नसेल तर तहसीलदारांकडे लेखी अर्ज करावा आणि पोच घ्यावी. विम्यासाठी तालुका कृषी अधिकारी, विमा कंपनीचा तालुका प्रतिनिधी किंवा १४४४७ हा क्रमांक, आणि सोबत हप्ता भरल्याची पावती. विमा अर्जातलं पीक आणि ई-पीक पाहणीतलं (मोबाइल ॲपवर केलेल्या पिकाच्या नोंदीतलं) पीक जुळत नसेल तर दावा तिथंच अडतो.

पैसे निघाले असं ऑनलाइन दिसतं पण खात्यात नाहीत, अशीही तक्रार येते. हे पैसे तुम्ही सांगितलेल्या खात्यात जातातच असं नाही, आधारशी ज्या बँकेचं खातं शेवटी जोडलं गेलं त्यात जातात. लाडकी बहीण योजनेच्या वेळी अनेक बायकांनी नवी खाती उघडली. ज्यांच्या नावावर जमीन आहे त्यांचे पैसे त्या नव्या खात्यात पडून असतात आणि घरचे जुन्या बँकेत खेटे घालत राहतात. दुसरी अडचण थकीत कर्जाची. पैसे जमा होतात आणि शाखा खातं होल्डवर टाकते किंवा रक्कम कर्जात वळती करते. मदतीच्या शासन निर्णयातच लिहिलेलं असतं की ही रक्कम कर्जखात्यात वळती करू नये. ती प्रत जोडून शाखाधिकाऱ्याला अर्ज द्यावा आणि तहसीलदारांना त्याची प्रत द्यावी. तोंडी विनवण्यांचा इथं उपयोग होत नाही.

कागदावर नाव नसणाऱ्यांचं दुःख सगळ्यात वेगळं. नवरा वारला, सातबारा अजून त्याच्याच नावावर, शेत मात्र बाई कसते. अनुदान अडतं आणि विम्याचा अर्जही धड होत नाही. २०२५ मध्ये सरकारनं जिवंत सातबारा मोहीम काढली ती याचसाठी. ज्या घरात वारस नोंद राहिलीय त्यांनी पुढच्या पावसाळ्याची वाट न पाहता ती करून घ्यावी. सामाईक खात्यात भावाभावांचं संमतीपत्र लागतं, तेही भांडण नसताना लिहून ठेवलेलं बरं. वाटेकऱ्याला विमा काढता येतो, पण नोंदणीकृत भाडेकरार हवा, आणि तोंडी वाट्यावर रान देणारा मालक असा करार करून द्यायला सहसा तयार होत नाही. अनुदान तर सातबाऱ्यावरच्या नावालाच जातं. बियाणं वाटेकऱ्याचं, घाम त्याचा, पैसे मालकाच्या खात्यात, अशा वेळी मालकानं निम्मी रक्कम काढून द्यावी असं मला वाटतं, पण त्याला भाग पाडणारा कागद वाटेकऱ्याकडे नसतो.

भूमिहीन मजुराला पिकाच्या नावानं यातलं काहीच मिळत नाही. त्याच्यासाठी आपत्तीच्या नियमांत आहे ते मुख्यतः घर आणि जनावरं. २०२५ च्या दरानं सपाट भागात पूर्ण पडलेल्या घराला १,२०,००० रुपये, दुभत्या गाई-म्हशीला ३७,५००, शेळीला ४,०००. पण जनावर वाहून गेलं असेल तरी त्याची नोंद पंचनाम्यात व्हावी लागते. शेताच्या पंचनाम्याला तलाठी बांधावर येतो तेव्हा वस्तीवरच्या लोकांनी त्याला थांबवून आपल्या गोठ्याचा आणि पडक्या भिंतीचाही पंचनामा त्याच दिवशी लिहून घ्यायला सांगावं, आणि शेजारच्या शेतकऱ्यानं त्यांच्यासोबत उभं राहावं.