लेहच्या विरळ हवेत हायड्रोजनची बस

लेह साडेतीन हजार मीटर उंचीवर आहे. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांशाच्या आसपास असतो, हिवाळ्यात पारा शून्याच्या खूप खाली जातो आणि डिझेलचा प्रत्येक टँकर डोंगर चढवून वर न्यावा लागतो. ऊन मात्र स्वच्छ आणि भरपूर. एनटीपीसी या सरकारी वीज कंपनीने तिथे १.७ मेगावॉटचा सौर प्रकल्प, हायड्रोजन भरण्याचं केंद्र आणि शहरात फिरणाऱ्या पाच बस अशी योजना आखली. ऑगस्ट २०२३मध्ये पहिली बस चाचणीसाठी लेहला पोचली. या तंत्राचं बळ आणि त्याच्या अडचणी दोन्ही लेहमध्ये एकदमच दिसतात, म्हणून सुरुवात तिथूनच करायला हवी.

अशी हायड्रोजनची बस ही मुळात विजेवर चालणारी बस असते. चाकं मोटरच फिरवते, फक्त वीज बसमध्येच तयार होते आणि हायड्रोजन कुठेही जाळला जात नाही. हे काम करणाऱ्या इंधन घटाच्या (फ्युएल सेल) मध्यभागी पॉलिमरचा पडदा असतो, मिलिमीटरच्या काही शतांश जाडीचा. त्याच्या दोन्ही अंगांना प्लॅटिनमच्या बारीक कणांचा थर असतो. एका बाजूने हायड्रोजन येतो, दुसऱ्या बाजूने साधी हवा. प्लॅटिनमवर हायड्रोजनचे प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन वेगळे होतात. पडदा प्रोटॉनना वाट देतो, इलेक्ट्रॉनना अडवतो. मग इलेक्ट्रॉनना बाहेरच्या तारेतून वळसा घालून जावं लागतं, आणि हा वळसा म्हणजेच मोटरला मिळणारी वीज. पलीकडे प्रोटॉन, इलेक्ट्रॉन आणि हवेतला ऑक्सिजन एकत्र येऊन पाणी बनतं. एक किलो हायड्रोजनमागे नऊ किलो पाणी.

विल्यम ग्रोव्हने १८३९च्या सुमारास ही क्रिया करून दाखवली होती. १९६०च्या दशकात अशाच पडद्याच्या घटांनी अमेरिकेच्या जेमिनी अंतराळयानांना वीज पुरवली, आणि १९९३मध्ये कॅनडातल्या बॅलार्ड कंपनीने या घटांवर चालणारी बस रस्त्यावर आणली.

एका घटातून सिद्धांतानुसार १.२३ व्होल्ट मिळायला हवेत, पण भार पडला की ०.६ ते ०.७ व्होल्टच हाती लागतात. म्हणून शेकडो घट एकावर एक रचावे लागतात. न मिळालेल्या व्होल्टेजची उष्णता होते. उन्हाळ्यात हीच उष्णता बाहेर टाकण्यासाठी मोठे रेडिएटर लागतात, लेहच्या थंडीत मात्र ती प्रवाशांना ऊब देऊ शकते. बॅटरीच्या बसला कडाक्याच्या थंडीत दुहेरी फटका बसतो: बॅटरी मंदावते आणि हीटरही तिच्यावरच चालवावा लागतो. डोंगराळ, थंड भागात इंधन घटाचा विचार गांभीर्याने करावा, याचं हे मोठं कारण आहे.

पण तीच उंची घटाला छळतेही. विरळ हवेतून पुरेसा ऑक्सिजन मिळवायला कॉम्प्रेसरला जास्त राबावं लागतं, आणि त्याची वीज घटांनीच बनवलेल्या विजेतून जाते. शिवाय बस थांबल्यावर घटात राहिलेलं पाणी गोठलं तर पडदा आणि त्यावरचे थर खराब होऊ शकतात. म्हणून बंद करण्याआधी आतून हवा फिरवून पाणी काढून टाकतात.

घटासोबत एक छोटी बॅटरीही असते, आणि तिचं महत्त्व मोठं आहे. ब्रेक लावताना वाया जाणारी ऊर्जा ती साठवते आणि चढावर घटाला हातभार लावते. २००३पासून युरोपातल्या नऊ शहरांत २७ बसची चाचणी झाली. त्या बसना अशी बॅटरी नव्हती, आणि १०० किलोमीटरला २० किलोहून जास्त हायड्रोजन लागायचा. आजच्या बारा मीटर लांबीच्या बसला आठ-नऊ किलो पुरतात.

एक किलो हायड्रोजनमध्ये सुमारे ३३ युनिट ऊर्जा असते, वजनाच्या हिशेबाने डिझेलच्या जवळपास तिप्पट. मात्र साध्या दाबाला तो एक किलो ११-१२ घनमीटर जागा व्यापतो. म्हणून बसमध्ये तो ३५० बार दाबाखाली भरतात, म्हणजे बसच्या टायरमधल्या हवेच्या चाळीसपट तरी. कार्बन फायबर गुंडाळलेल्या या टाक्या सहसा छतावर बसवतात, कारण हायड्रोजन हवेपेक्षा चौदापट हलका असतो आणि गळला तर वर निघून जातो. धोका हलका मानण्यासारखा मात्र नाही. हवेत तो ४ ते ७५ टक्के असला तरी पेट घेतो आणि त्याची ज्योत दिवसा जवळजवळ दिसत नाही. त्यामुळे डिझेलचा जुना डेपो आहे तसा वापरता येत नाही. छताशी वायू साचू नये अशी हवा खेळती ठेवावी लागते, गळती ओळखणारे सेन्सर लागतात.

खरा कस लागतो तो हायड्रोजन मिळवताना. पाण्यापासून एक किलो हायड्रोजन बनवायला ५० ते ५५ युनिट वीज लागते, दाबाखाली भरायला आणखी काही. म्हणजे १०० किलोमीटरसाठी चारशेहून अधिक युनिट. तेवढ्याच आकाराची बॅटरी बस तेच अंतर शे-दीडशे युनिटमध्ये कापते. नैसर्गिक वायूपासून हायड्रोजन बनवला तर किलोमागे नऊ-दहा किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. तो हिशेबात धरला तर डिझेल बसच्या तुलनेत फारसा फरक उरत नाही, धूर फक्त शहराबाहेर जातो.

कॅनडातल्या व्हिस्लरमध्ये २०१०च्या हिवाळी ऑलिम्पिकसाठी अशा वीस बस आणल्या. त्यांचा हायड्रोजन देशाच्या दुसऱ्या टोकाहून, क्वेबेकमधून ट्रकने यायचा. २०१४मध्ये त्या बंद झाल्या. फ्रान्सच्या माँपेलिएने २०२२मध्ये ५१ बसची योजना सोडली, कारण हायड्रोजनवर किलोमीटरला ९५ सेंट खर्च येत होता आणि बॅटरीवर १५. जर्मनीत कोलोनच्या परिसरात मात्र रसायन कारखान्यांमधून हायड्रोजन हाताशी होता, आणि तिथला ताफा युरोपातल्या मोठ्या ताफ्यांपैकी एक झाला. रोज रात्री डेपोत परतणाऱ्या शहरी बससाठी बॅटरीच योग्य, असं माझं स्पष्ट मत आहे. हायड्रोजन लांबच्या, चढाच्या आणि थंड मार्गांसाठी राखून ठेवावा.

असा एक मार्ग आपल्या दारातच आहे. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि पुण्यातली केपीआयटी कंपनी यांनी देशात विकसित केलेली इंधन घटाची बस ऑगस्ट २०२२मध्ये पुण्यात सादर झाली. मार्च २०२५मध्ये केंद्र सरकारने ३७ हायड्रोजन वाहनांच्या प्रायोगिक प्रकल्पांना मंजुरी दिली. त्यांच्या दहा मार्गांत पुणे-मुंबई आहे. ३७पैकी १५ वाहनं इंधन घटाची, उरलेली २२ हायड्रोजन इंजिनात जाळणारी. जाळण्यातून नायट्रोजनची प्रदूषक ऑक्साइडं तयार होतात, त्यामुळे दोन्ही प्रकारांचे निकाल वेगवेगळे जाहीर व्हायला हवेत.

या चाचण्यांत मला बोरघाटातला वापर पाहायचा आहे: चढावर किलोमीटरमागे किती हायड्रोजन लागला, आणि उताराने त्यातली किती ऊर्जा बॅटरीत परत आली. दुसरा प्रश्न हवेचा. ट्रकच्या धुरातले गंधकाचे आणि नायट्रोजनचे ऑक्साइड प्लॅटिनमला निकामी करत जातात, म्हणून घटाकडे जाणारी हवा आधी गाळून घ्यावी लागते. कॅलिफोर्नियात ओकलंडच्या बसमधल्या एका घटसंचाने २५,००० तासांचा टप्पा ओलांडला. द्रुतगती मार्गाच्या हवेत आपले घट किती तास टिकतात आणि फिल्टर किती किलोमीटरला बदलावे लागतात, हे आकडे चाचणी संपताच लोकांसमोर ठेवले जावेत.