कथानकप्रधान बँडरचना

फुंकवाद्ये व तालवाद्ये यांच्या वृंदासाठी लिहिलेली, एखादी कथा, प्रवास वा नैसर्गिक घटना शब्दांविना मांडणारी संगीतरचना. येथे ती मध्यम तयारीच्या विद्यार्थी वादकांपुरती विचारात घेतली असून उदाहरणे नाशिकची आहेत. सहा श्रेणींच्या प्रचलित अमेरिकी वर्गीकरणात अशा रचना साधारण दुसऱ्या-तिसऱ्या श्रेणीत मोडतात. श्रेणींच्या सीमा प्रकाशकागणिक थोड्या बदलतात. वादनकाल बहुधा चार ते सहा मिनिटे.

उगम : कथा सांगणाऱ्या वाद्यसंगीताचा आरंभ फ्रेंच संगीतकार बर्लिओझच्या १८३० मधील ‘सिंफनी फँटास्टिक’पासून धरण्याचा प्रघात आहे. जर्मन संगीतकार योहान कूनाउने १७०० मध्ये बायबलकथांवर कळफलकवाद्यासाठी सोनाटा प्रसिद्ध केले होते, हे पाहता तो प्रघात काटेकोर म्हणता येत नाही. तरी एकच धून प्रसंगानुरूप रूप पालटून पुन्हा आणण्याची बर्लिओझची रीत विद्यार्थी बँडला अधिक उपयोगी पडते. धून मुलांना आधीच बसलेली असते, बदलतात ती लय आणि वाद्ये.

भारतात तंजावरचे सरफोजी राजे दुसरे (कार. १७९८–१८३२) यांच्या दरबारी पाश्चात्त्य वाद्यांचा बँड होता. दाक्षिणात्य नृत्याच्या मेळात क्लॅरिनेट कोणी आणले याविषयी मतभेद आहेत. काही अभ्यासक हे श्रेय तंजावर बंधू या चार नृत्य-संगीतकार भावांपैकी चिन्नय्या यांना देतात, तर काही नृत्यगुरू महादेव नट्टुवनार यांना, म्हणजे सुमारे १८६० च्या काळात. दरबारी बँडची पूर्वपीठिका लक्षात घेता पहिले मत अधिक संभवनीय वाटते. विद्यार्थी वृंदाचे मोठे भारतीय उदाहरण म्हणजे मध्य प्रदेशातील मैहरचा मैहर बँड. १९१८ च्या सुमाराच्या साथीत पोरक्या झालेल्या मुलांना उस्ताद अल्लाउद्दीन खाँ यांनी शिकवून तो उभा केला.

रचनातंत्र : पहिला प्रश्न ‘सा’ कुठे ठेवायचा हा. क्लॅरिनेट, ट्रम्पेट, आल्टो सॅक्सोफोन व हॉर्न यांचे लिखित स्वर प्रत्यक्ष ऐकू येणाऱ्या स्वरांहून वेगळे असतात. ‘सा’ बी फ्लॅट (पाश्चात्त्य स्वरनाम) धरला, तर क्लॅरिनेट व ट्रम्पेटवाला सी, आल्टोवाला जी आणि हॉर्नवाला एफ वाचतो. मेघ रागाच्या छायेत पावसाळी धून लिहिताना हाच ‘सा’ अडचणीचा ठरतो. क्लॅरिनेटवर मधल्या भागात कोमल निषादाला बोटे जवळपास सगळी उचललेली असतात आणि लगेच वरच्या षड्जाला जवळपास सगळी भोके झाकावी लागतात. या ‘ब्रेक’वर मध्यम तयारीच्या मुलाचा स्वर चिरकतो. ‘सा’ एफवर नेला, तर क्लॅरिनेटचा अख्खा आरोह (लिखित जी, ए, सी, डी, एफ, जी) खालच्या भरीव सप्तकात, ब्रेक न ओलांडता बसतो. ट्रम्पेटला मात्र तीच ओळ वरच्या सप्तकात तार षड्जापर्यंत देऊ नये. तालमीच्या अखेरीस ओठ थकतात.

कथानक निवडताना प्रसंगांची संख्या कमी आणि चढण स्पष्ट असावी. गोदाकाठचा दुतोंड्या मारुती हा या दृष्टीने उत्तम विषय. पुराचे पाणी मूर्तीच्या पायाशी, गुडघ्यांना, कमरेला, छातीला, गळ्याशी लागले यावरून नाशिककर पूर मोजतात. रचनेचे टप्पे आयतेच मिळतात : पायाशी खालच्या सप्तकातील क्लॅरिनेट आणि झांजेवर हलकी काठी, गुडघ्यांपासून सॅक्सोफोन व हॉर्न, कमरेला ट्रॉम्बोन, गळ्याशी सगळा बँड. वेग वाढवण्याची गरज नाही. वाद्यांची भर पुरते. सीताहरण किंवा गौतम ऋषींची गोदावरी-अवतरणकथा यांत पात्रे अनेक, त्यामुळे निवेदक न घेता त्या मांडणे कठीण जाते.

नाशिक ढोल या रचनेत येणे स्वाभाविक आहे. पण उघड्या रस्त्यावरच्या मिरवणुकीसाठी घडलेला त्याचा आवाज सभागृहात बासऱ्या व क्लॅरिनेट पार झाकून टाकतो. म्हणून एकच ढोल, मागच्या रांगेत आणि पूर छातीला लागेपर्यंत मौन, ही योजना श्रेयस्कर. ताशाची तर्री (काड्यांचा जलद, सलग नाद) साईड ड्रम या छोट्या पाश्चात्त्य ढोलावर लिहून भागते.

एखादे वाद्य किंवा वादक गैरहजर असण्याची शक्यता नेहमीच असते. म्हणून हॉर्नचा महत्त्वाचा तुकडा आल्टो सॅक्सोफोनच्या कागदावर आणि ओबो या फुंकवाद्याचा बासरीच्या कागदावर बारीक अक्षरात उतरवून ठेवतात.